देशी झाडांचं काम जुलैत नको, फेब्रुवारीत सुरू करूया : एक खुलं पत्र

प्रति,
उपवनसंरक्षक (प्रादेशिक), विभागीय वन अधिकारी (सामाजिक वनीकरण), गटविकास अधिकारी,
विदर्भातल्या ग्रामसभा आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्या,
तसंच दर पावसाळ्यात झाडं लावायला गावाकडे येणारे सगळे स्वयंसेवक

विषय : देशी झाडं, झुडपं आणि गवतं टिकवण्यासाठी कामाची लेखी वाटणी करण्याबाबत

सन्माननीय अधिकारी, ग्रामसभेचे सदस्य आणि मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

आजच्या घडीला बिजाच्या झाडाखाली उभं राहून वर पाहिलं, तर वाळलेल्या चकत्यांचे घोस दिसतात. दोन-तीन बोटं रुंद गोल शेंग, मधे बीचा फुगवटा आणि भोवती कागदासारखा पातळ पंख. फाल्गुनातला वारा सुटला की त्या उडून जातील. त्यानंतर पुढच्या हिवाळ्यापर्यंत बिजाचं नवं बी मिळणार नाही. आणि जुलैत कुणी रोपवाटिकेत बिजा मागायला गेलं, की करंज, कडुनिंब, सीताफळ, गुलमोहर असं जे काही वाफ्यात असेल ते मिळेल.

यात कुणाचा दुष्टावा नाही. करंजाचं बी भरपूर मिळतं, गोणीत भरून ठेवता येतं, टाकलं की उगवतं. करंज आणि कडुनिंब आपल्या ओळखीचे आहेत, उपयोगाचे आहेत. पण विदर्भाचं जंगल म्हणजे मोह, चार (चारोळीचं झाड), बिजा, धावडा, सालई, कुसुम, ऐन, रोहन, तेंदू, हिरडा, बेहडा, अंजन, मेडशिंग, कळम. यातली निम्मी नावं रोपवाटिकांच्या यादीत नसतात, कारण त्यांच्या बीचं वेळापत्रक कार्यालयाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. कार्यालयाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. एप्रिल-मे मंजुऱ्यांत जातो. नेमक्या त्याच दिवसांत चार पिकतो, अंजनाचं बी उडतं, मेअखेर पळसाच्या शेंगा गळतात आणि पावसाच्या तोंडावर मोहाची टोळी, म्हणजे बी, पडते. खरेदीची फाईल फिरून येईपर्यंत बी मेलेलं असतं.

राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टं ठेवली गेली. त्या आकड्यांवर वाद घालायला हे पत्र लिहिलेलं नाही. रोपं कोणत्या जातीची, त्यांचं बी कुठल्या झाडांचं, कुणी आणि केव्हा गोळा केलं, आणि तिसरा उन्हाळा ती कशी काढणार, हे चार प्रश्न लागवडीच्या आधी विचारले जावेत आणि त्यांची उत्तरं सरकारी खातं, गाव आणि स्वयंसेवक या तिघांनी वाटून घ्यावीत, एवढंच आमचं मागणं आहे. बी, रोपवाटिका आणि गवत यांत रोज हात असलेली माणसं म्हणून जे नक्की ठाऊक आहे तेवढंच खाली लिहीत आहोत.

सुरुवात मोहापासून करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात वेचली जातात, फळ पिकतं ते मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीला. हे बी वाळवून ठेवायचं नाही. उन्हात दोन दिवस पडलं की आतली डाळ आक्रसते. गोणीत ओलं बांधून ठेवलं की बुरशी धरते. आठ-दहा दिवसांच्या आत ते मातीत गेलं तर चांगलं उगवतं, महिना उलटला की उगवण झपाट्याने घसरते. म्हणून पडलेलं पिकलं फळ त्याच दिवशी हाताने कुस्करून गर काढा, बी सावलीत पसरा आणि आठवड्यात पेरा. एका किलोत साधारण चारशे ते साडेचारशे बिया बसतात. तीनशे रोपं हवी असतील तर ताजं, निवडलेलं किलो-सव्वा किलो बी पुरतं. म्हणजे एका गावाच्या गरजेसाठी ट्रक लागत नाही, चार बाया आणि दोन टोपल्या लागतात. फक्त त्या नेमक्या पंधरवड्यात लागतात. बी आडवं ठेवून बोटाच्या पेराएवढं खोल टाका. सोटमूळ फार लवकर खोल जातं, म्हणून गादीवाफ्यावर उगवून मग पिशवीत हलवायचा खटाटोप करू नका, मूळ तुटतं. सरळ पिशवीत किंवा सरळ खड्ड्यात पेरा.

यात एक गोष्ट कागदावर कधी येत नाही. टोळीचं तेल निघतं, त्यामुळे गावात टोळीला भाव असतो. बी गोळा करणाऱ्या बाईला तेलघाण्यापेक्षा कमी पैसे मिळणार असतील, तर ती चांगली टोळी आपल्याला का देईल? दर आधी जाहीर करा, तेलाच्या भावापेक्षा थोडा वरचा ठेवा आणि पैसे त्याच आठवड्यात द्या. बचत गटाच्या खात्यावर जानेवारीतच छोटी अग्रिम रक्कम ठेवली तर हा प्रश्न उरत नाही. निविदा काढून मोहाचं बी विकत घेता येत नाही, ते शेजारच्या मोहाखालूनच यावं लागतं.

हंगामी मोहिमांमधले बीजगोळे इथेच फसतात. माती-शेणाच्या गोळ्यात बाभूळ किंवा बोर टिकते, कारण त्यांचं कवच कठीण असतं. मोहाचं किंवा कुसुमाचं बी गोळ्यात घालून वाळवलं, की उरतो तो मातीचा गोळा. आणि दाट गवतावर फेकलेले बीजगोळे बहुतेक उंदरांच्या पोटात जातात. शाळेच्या मुलांना बी ओळखायला शिकवण्यासाठी गोळे जरूर करा, जंगल भरून काढण्याची आशा त्यांच्यावर ठेवू नका.

चाराची अडचण वेगळी आहे. चारोळीला बाजारात इतका भाव असतो की फळ काळं होण्याआधीच, हिरवं असतानाच ओरबाडलं जातं. शेजारच्याने नेण्याआधी आपण न्यावं, या घाईत फांद्याही तुटतात. कच्च्या फळातली चारोळी हलकी भरते आणि बी म्हणून तर ती कामाचीच नसते. यावर वनरक्षकाचा दंडुका चालत नाही. ग्रामसभेने ठराव करून तोडीची तारीख ठरवावी, त्याआधी कुणी हात लावायचा नाही आणि प्रत्येक झाडाचा शेंडा पाखरांसाठी नि बीसाठी सोडायचा, असा नियम करावा. तो पाळला जातो, कारण नुकसान सगळ्यांचं होतं हे सगळ्यांना दिसतं. पिकलेली फळं पाण्यात चोळून गर काढावा, आठळ्या सावलीत वाळवाव्यात, पेरण्याआधी एक दिवस भिजवाव्यात. आठळी जोडावर हलक्या हाताने ठोकून चीर पाडली तर उगवण सुधारते, पण ठोका जास्त बसला की आतली चारोळी फुटते. हे काम गावातल्या जुन्या हातांना जमतं, त्यांनाच द्यावं.

बाकीच्यांचं थोडक्यात. बिजाच्या चकत्यांचे पंख कात्रीने छाटून त्या दोन दिवस पाण्यात ठेवाव्यात आणि अख्खी शेंग पेरावी. हिरड्याची आठळी रुंद टोकाकडून, आतल्या बीला धक्का न लावता थोडी कापून ३६ तास भिजवावी. बेहड्याला एक दिवस पुरतो. आवळ्याच्या आठळ्या उन्हात ठेवल्या की आपोआप तडकतात, निघालेलं बी पाण्यात टाकावं आणि तरंगेल ते फेकून द्यावं. पळस शेंगेसकट लगेच पेरला तरी दहा-बारा दिवसांत वर येतो. अंजनाला दरवर्षी चांगलं बी धरत नाही, ज्या वर्षी धरेल त्या वर्षी हात मोकळे ठेवावेत. सालईला बीपेक्षा फांदी बरी : मनगटाएवढी जाड, मीटरभर लांब, पावसाच्या थोडं आधी रोवलेली. आणि धावड्याचं बहुतेक बी पोकळच असतं. तिथे रोपवाटिकेचा हट्ट सोडून उभे खुंट आणि मुळांचे फुटवे राखणं हाच मार्ग आहे.

बी किती झाडांचं घ्यायचं यावर खात्याचा आग्रह असायला हवा, तो आज दिसत नाही. रस्त्याकडेच्या एकाच भरघोस झाडाखालून पोतं भरलं तर निघणारी सगळी रोपं भावंडं होतात. पुढे त्यांच्यातच परागीकरण झालं की पिढी कमजोर निघते. एका जातीसाठी किमान पंचवीस-तीस झाडं, एकमेकांपासून पन्नास-शंभर मीटर अंतरावरची, आणि प्रत्येक झाडाखालचं थोडंच बी. पाचातला एक वाटा आपला, चार वाटे जंगलाचे. पिशवीवर चिठ्ठी हवी : जात, गाव किंवा जंगलाचा कक्ष क्रमांक, तारीख, किती झाडं, कुणी गोळा केलं. गडचिरोली-गोंदियाकडे बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बुलडाणा-अकोल्याकडे सातशे-आठशेच्या आसपास. तिकडचं बी इकडे आणून लावलं तर नाव तेच राहतं, पण झाडाची सवय वेगळी असते. जिल्ह्याचं बी शक्यतो जिल्ह्यातच आणि तेही त्याच प्रकारच्या मातीत राहू द्यावं.

ही मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांचं बी घ्यायचं त्या झाडांची, नोंद ठेवायला नवी समिती नको. जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ती कपाटात आहे. तिच्यातच पानं वाढवा : गावातला कुठला मोह, कुठला बिजा, केव्हा फुलला, केव्हा बी पडलं. पाच वर्षांच्या अशा नोंदी हातात असतील तर रोपवाटिकेचं नियोजन अंदाजावर राहणार नाही. राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. या नोंदींचा एक साधा नमुना मंडळाने मराठीत, आणि जिथे बोलतात तिथे गोंडी-कोरकू नावांच्या रकान्यासह, छापून द्यावा. नावांचा गोंधळ हे चुकीच्या रोपांचं मोठं कारण आहे. एकच 'कव्हा' म्हटलं की कुणी अर्जुन समजतो, कुणी कवठ.

आता रोपवाटिका. काळ्या मातीने भरलेली पिशवी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होते. काळी माती असेल तर माती, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत समसमान घ्या. शेणखत अर्धकच्चं असलं की हुमणी येते आणि कोवळी मुळं खाते. रोप वरून हिरवं दिसत असतं, एक दिवस अचानक मान टाकतं. दुसरी चूक पिशवीच्या आकाराची. उंची मोजून बिलं निघतात म्हणून दीड-दीड वर्षाची रोपं लहान पिशवीत उभी राहतात. अशी पिशवी उभी फाडून पाहावी : तळाशी मुळं चुंबळीसारखी गोल गुंडाळलेली असतात. ही चुंबळ जमिनीत गेल्यावर उलगडत नाही. झाड तीन-चार वर्षं तग धरतं, मग एका वादळात मुळासकट कलंडतं, नाहीतर मेच्या उन्हात सुकतं, आणि दोष पावसाला दिला जातो. पिशव्या महिन्यातून एकदा जागेवरून हलवल्या की तळातून बाहेर आलेली मुळं आपोआप छाटली जातात. स्वयंसेवकांनी महिन्यातला एक रविवार या कामाला दिला तर कुठल्याही रोपवाटिकेचं भलं होईल. लावताना पिशवी पूर्ण काढा, मातीच्या गोळ्याला दोन बाजूंनी उभी चीर द्या आणि तळाचा बोटभर थर कापून टाका. जीव हळहळतो, तरी कापा.

लागवडीच्या दिवसाबद्दल. वनमहोत्सव १ ते ७ जुलै असतो आणि त्या आठवड्यात जमीन खोलवर ओली झालेली असेलच असं नाही. खड्ड्यात हात कोपरापर्यंत घातला आणि ओल लागली तर लावा, नाहीतर थांबा. तारीख बदलण्याचा अधिकार वनक्षेत्रपालांच्या पातळीवर द्या, पाहुण्यांच्या सोयीवर ठेवू नका. खड्डे ४५ किंवा ६० सेंटिमीटरचे, एप्रिल-मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. बरड जमिनीत खड्डा थोडा खोलगट ठेवावा, काळ्या जमिनीत मात्र रोप अर्धा फूट उंचवट्यावर लावावं, तिथे पाणी साचून मूळ कुजतं. बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी दगड रचावेत. पाचोळ्याला उधई लागते आणि वणवा पकडतो. दगडाखाली ओल टिकते आणि तो जळत नाही.

यातली एक अडचण शहरातल्या मित्रांना दिसत नाही. पूर्व विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, पश्चिमेकडे कपाशी-सोयाबीनचं निंदण आणि डवरण. त्या दिवसांत गावात रिकामा हात नसतो. मेमध्ये पंधरा दिवस तेंदूपत्त्यात जातात. तेव्हा वाटणी अशी व्हावी : बी ओळखणं-गोळा करणं आणि राखण गावाकडे, कारण ती नजर गावाकडेच आहे, खड्ड्यात रोप बसवणं, पिशव्या वाहणं, दगड रचणं हे जुलै-ऑगस्टचं काम बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकांकडे, आणि जमीन, परवानगी, पाणी, मजुरी नि संरक्षण खात्याकडे. मित्रहो, तुम्हाला एक विनंती. वर्षातून चारच दिवस देता येणार असतील तर ते चारही जुलैत देऊ नका. एक फेब्रुवारीत आग अडवणाऱ्या जाळरेषेला द्या, एक मेमध्ये मोजणीला, एक ऑगस्टमध्ये लागवडीला आणि एक सप्टेंबरमध्ये तण उपटायला.

तण म्हणजे इथे घाणेरी, आपल्याकडची रायमुनिया. तिच्यावर दरवर्षी खर्च होतो आणि दरवर्षी ती परत येते, कारण ती वरून कापली जाते. कोयत्याने कापलेल्या एका खोडाला बुंध्यातून चार-सहा फुटवे येतात, म्हणजे मजुरी देऊन आपण ती दाट करत असतो. बरोबर पद्धत ही : वरचा पसारा बाजूला करून कुदळीने बुंध्याजवळची माती मोकळी करायची, जमिनीच्या दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ एका घावात तोडायचं, झुडूप उचलून मुळं वर, शेंडा खाली असं उलटं ठेवायचं. जिथे खोड आणि मूळ मिळतात तिथूनच फुटवे येतात, तो भाग मातीबाहेर निघाला की संपलं. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, तिला ना रसायन लागतं ना यंत्र. काम पावसाळ्यात, माती मऊ असताना आणि फळं काळी पडण्याआधी करायचं. फळं धरलेली झुडपं ओढत नेली की वाटभर बी सांडतं. त्यानंतर दोन पावसाळे, पाखरं जिथे बसतात त्या झाडांखाली फिरून नवी रोपटी हाताने उपटायची. हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा भाग अंदाजपत्रकात नसतो आणि सगळा खर्च तिथेच वाया जातो. कंत्राट दिलं तर ते तीन वर्षांचं द्या, शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षाची पाहणी झाल्यावर.

मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर तिथे रानतुळस आणि गाजरगवत येतं. त्याच पावसात देशी गवताचं बी टाकायला हवं : पवन्या, शेडा, मारवेल. हे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्या चांगल्या कुरणातून हाताने ओरबाडून घ्यावं, कोरड्या जागी कापडी पिशवीत ठेवावं आणि पुढच्या पावसात ओल्या बारीक मातीत मिसळून फेकावं, नाहीतर ते वाऱ्यावर उडतं. रानतुळस सप्टेंबरात, फुलण्याआधी मुळासकट उपटावी. तुरे वाळल्यावर उपटणं म्हणजे पेरणी करणं.

गवताचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात कळकळीची विनंती इथे करतो. प्रत्येक उघडा माळ ही झाडं लावायची जागा नसते. ई-क्लासची गायरानं, अकोला-वाशिमकडचे कुसळीचे माळ आणि पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल कार्यालयीन भाषेत 'पडीक' ठरतं. त्या माळांवर तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात येतो. झुडपीत हिंगणबेट, बोर, भराटी, शतावरी, अनंतमूळ असतं. तिथे यंत्राने चर खणून ग्लिरिसिडिया किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर देशी वनस्पती वाचवण्याच्या नावाने आपणच त्या उपटल्या असं होतं. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीन मानल्या आहेत. आता तिथे काय करायचं हे ठरवताना आधी एक पावसाळा काय उगवतं ते मोजा. दहा बाय दहा मीटरच्या चौकटी आखून, गावातली दोन जाणती माणसं आणि जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग घेऊन, ऑगस्टअखेर यादी करा. हेक्टरी खुंट आणि फुटवे पुरेसे असतील तर रोप लावायची गरजच नाही. चराई आणि आग तीन वर्षं आवरली, एका खुंटावर एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे छाटले, की जंगल आपणहून उभं राहतं आणि खर्चही कमी येतो. मात्र यात 'लावलेल्या रोपांची संख्या' शून्य येते. हे शून्य मान्य करणारा रकाना अहवालात हवा.

चराई आवरणं म्हणजे गुराख्याला हाकलणं नाही. रोपवनाभोवती चर खणून नाल्यावरची वाट बंद झाली की पहिल्याच महिन्यात चर बुजवला जातो, आणि त्यात चूक त्याची नसते. ढोरं पाण्यावर कुठून जातात हे आधी विचारा, ती वाट सोडा. चर वर दीड मीटर, तळाशी ९० सेंटिमीटर, खोल सव्वा मीटर ठेवा. निघालेली माती आतल्या बाजूला टाकून तिच्यावर सागरगोटा आणि बोराचं बी पेरा. काळ्या मातीतला चर दोन पावसांत भरतो, तोवर हे जिवंत कुंपण उभं राहायला हवं. बकऱ्या चर ओलांडतात, त्यांच्यासाठी बोलणीच करावी लागतात. क्षेत्राचे तीन भाग करून एकच भाग बंद ठेवला, आणि बंद भागातलं गवत ऑक्टोबरनंतर कापून नेण्याचा हक्क त्याच गुराख्यांना दिला, तर राखणदार वेगळा नेमावा लागत नाही.

आगीचं पर्व १५ फेब्रुवारीपासून धरलं जातं. रोपवनाभोवतीची तीन मीटरची जाळरेषा त्याआधी झाडून, पाला आतून बाहेर ओढून तयार हवी. बऱ्याच आगी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवल्याने लागतात. यावर फलक लावून फरक पडत नाही. झाडाखाली बांधायच्या जाळ्या द्या. फूल जाळीत पडलं की स्वच्छ राहतं, वेचायचा वेळ वाचतो आणि आग लावायचं कारणच जातं. ज्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत) मोह जास्त, तिथे आधी.

मोजणी. जुलैत केलेली कुठलीही लागवड शंभर टक्के जिवंत असते. आमची मागणी अशी, की तीन वर्षं, दर नोव्हेंबर आणि दर मेअखेर, संयुक्त मोजणी व्हावी. प्रत्येक दहावी ओळ धरावी, त्या ओळीतली सगळी रोपं मोजावीत आणि जातवार लिहावीत. नुसतं '७० टक्के जिवंत' म्हटलं तर मेलेला मोह आणि जगलेली ग्लिरिसिडिया एकाच आकड्यात लपतात. कागदावर वनरक्षक, ग्रामसभेचा प्रतिनिधी आणि स्वयंसेवक अशा तिघांच्या सह्या हव्यात, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. मर निघाली तर कारण लिहावं : उधई, ढोरं, आग, पाणी साचणं, गुंडाळलेलं मूळ. नांगी भरताना कारण दूर केल्याशिवाय त्याच खड्ड्यात नवं रोप लावू नये.

सुरक्षिततेवर मोघम बोलून चालणार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगत वाघाची भीती खरी आहे. बी गोळा करायला पाचपेक्षा कमी माणसं जाऊ नयेत. सूर्य पुरता वर आल्यावर जावं, चार वाजता परतावं, वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीशी एकाने उभं राहून लक्ष ठेवावं, त्या दिवशी त्या बीटच्या वनरक्षकाला आधी कळवावं. बिब्याखाली काम करताना अंगभर कपडे आणि हाताला तेल हवं, चीक लागला की कातडी भाजते. खात्याने नोंदणीकृत स्वयंसेवक आणि बी गोळा करणाऱ्या बाया यांचा अपघात विमा काढावा. ज्यांच्याकडून जंगलात काम करून घ्यायचं, त्यांना कागदावर 'स्थानिक नागरिक' म्हणून सोडून देणं योग्य नाही.

हक्काचा प्रश्न थोडक्यात. वनहक्क कायदा २००६ खाली जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथे गौण वनोपज ग्रामसभेचं आहे आणि जंगल राखण्याचा अधिकारही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. अशा गावांत स्वयंसेवकांनी आधी ग्रामसभेकडे जावं, मग खात्याकडे. इतर वनक्षेत्रात बी गोळा करायला खात्याची लेखी परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात आणि अभयारण्यांत तर हातच लावायचा नाही. ती लेखी परवानगी दरवर्षी नव्याने, प्रत्येक जातीसाठी वेगळी मागावी लागली तर हंगाम जातो. म्हणून तीन वर्षांचा एकच करार करा, तो पदाच्या नावाने करा, म्हणजे बदली झाली तरी काम थांबणार नाही.

मोठ्या घोषणेची वाट पाहण्याचं कारण नाही. प्रत्येक वनपरिक्षेत्रात एका गावापासून सुरुवात होऊ शकते. १५ फेब्रुवारीच्या आत एक बैठक घ्या, कार्यालयात न घेता रोपवाटिकेत घ्या. वनरक्षकांनी कक्षाचा नकाशा आणावा, समितीने नोंदवही, बचत गटाने मागच्या वर्षीचे टोळी-चारोळीचे भाव, स्वयंसेवकांनी आपापल्या मोकळ्या तारखा. तासाभरात मातृवृक्षांची पहिली यादी आणि वर्षभराची वाटणी लिहून होईल. आणि त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, चार गोणपाटं आणि चिठ्ठ्यांचं बंडल घेऊन बिजाखाली चला. चकत्या अजून झाडावर आहेत.

आपले,
विदर्भातल्या गावांमध्ये बी गोळा करणारे, रोपं वाढवणारे आणि गवत राखणारे कार्यकर्ते